आत आलेलं जातं कुठं?

बाळ, या हंगामापासून रान तू बघणार म्हणतोस, तर चार गोष्टी कानात ठेव. सरी किती फुटांची, बेणं कुठल्या जातीचं, आळवणी कशाची, हे सांगणारे तुला गल्लोगल्ली भेटतील. मोबाईलवर तर बोट लावलं की एक भेटतो. माझं सांगणं थोडं निराळं आहे. बांधाच्या आत जे जे येतं ते बाहेर कुठून जाणार, एवढं एकच दर वेळी विचारायचं. पाणी येतं, पाण्याबरोबर मीठ येतं, खत येतं, औषध येतं, प्लास्टिक येतं. ऊस तुटून गाडीला लागला की वाटतं, रान मोकळं झालं. मोकळं कुठलं? ऊस तेवढा गेला. बाकीचं मुक्कामाला राहतं.

पहिलं पाणीच घे. आपल्या कृष्णाकाठाला माती नासली ती धुराड्यानं कमी आणि आपल्याच मोटारीनं जास्त, असं मी म्हटलं की कट्ट्यावरची मंडळी रागावतात. रागावू देत. रात्रपाळीची लाईट असली की काय होतं ते तूच बघितलंयस. मोटारीला ऑटो स्विच, पाणी पाटात सोडलेलं, आणि थंडीत दारं धरायला जाणार कोण? लाईट जाईपर्यंत पाणी चालू. सकाळी वरच्या अंगाला बेताचं आणि खालच्या टोकाला तळं. दिवसा लाईट मिळत नाही हे खरं, इचूकाट्याच्या भीतीनं माणूस रात्री रानात जात नाही हेही खरं. पण मातीला कारणं सांगून भागत नाही.

आपली माती काळी आणि चिकण. पाणी आत घ्यायला हळू, सोडायला त्याहून हळू. जादा झालेलं पाणी खाली साचत जातं, जमिनीतल्या पाण्याची पातळी वर येते, आणि एकदा ती मुळांच्या जवळ आली की कंदिलाच्या वातीत रॉकेल चढावं तसं ते पाणी वर ओढलं जातं. वर आल्यावर उन्हानं पाणी उडतं. मीठ उडत नाही.

आणि हे मीठ किती असतं म्हणशील तर हिशेब करून बघ. लिटरला 1 ग्रॅम क्षार असलेलं पाणी जिभेला जेमतेम मचूळ लागतं. एकरभर रानात तीन इंच पाणी दिलं म्हणजे सुमारे 3 लाख लिटर. त्यातलं मीठ झालं 300 किलो, 50 किलोची सहा पोती. अशी वर्षाला 20 पाणी दिली तर 6 टन. नदीचं पाणी गोडं असतं, त्यात याच्या चौथाईच मीठ धर, तरी वर्षाला दीड टन रानात येतं. ऊस पाणी पितो आणि मीठ मागं ठेवतो. पावसाळ्यात ते धुऊन खाली उतरलं आणि खालून निचरा असला तर ठीक. नसला तर पुढच्या उन्हाळ्यात तेच पुन्हा वर.

हे काही आजचं नाही. नीरा डावा कालवा 1885 साली सुरू झाला, आणि पंचवीस वर्षांत त्या खोऱ्यातल्या जमिनी अशा खारवल्या की 1910 साली हॅरॉल्ड मान आणि ताम्हणे यांनी नीरा खोऱ्यातल्या खारवट जमिनींवर सरकारसाठी एक पुस्तिकाच लिहिली. तेव्हा ना युरिया होता ना मोटार. नुसतं कालव्याचं पाणी, आणि त्याला खालून वाट नाही. शंभर वर्षांनी आपण तेच शिरोळ, मिरज, वाळव्याला करून दाखवलं.

रान बिघडायला लागलं की ते आधी सांगतं. उगवण तुटक होते, ठिगळं पडल्यासारखी. पानांची टोकं करपतात. लव्हाळा माजतो. उन्हाळ्यात सरीच्या वरंब्यावर पांढरी पुटी दिसते, ती बोटानं उचलून जिभेला लावलीस तर कळतंच. ही झाली खारवट जमीन. दुसरी असते चोपण, ती जास्त लबाड. तिच्यावर पांढरं दिसेलच असं नाही. उलट काळपट, तेलकट तवंग दिसतो. ओली असताना पायाला चिकटते, वाळली की कुदळ उडते.

चोपण ओळखायची एक साधी खूण सांगतो. वाळलेलं हरभऱ्याएवढं ढेकूळ घे. काचेच्या पेल्यात पावसाचं पाणी घे. नळाचं किंवा विहिरीचं नको, त्यातल्या क्षारांनी फसगत होते. ढेकूळ अलगद सोड आणि पेला हलवू नकोस. चांगल्या मातीचं ढेकूळ फुटेल, त्याचा चुरा तळाला बसेल, पण पाणी नितळ राहील. चोपण मातीच्या ढेकळाभोवती दुधासारखा गढूळपणा पसरतो आणि सकाळचा पेला संध्याकाळी बघितला तरी पाणी निवळत नाही. सोडियमनं मातीचे कण एकमेकांपासून सुटतात, म्हणून हे होतं. रानात हेच कण भेगा बुजवून बसतात आणि पाण्याची वाट बंद करतात. दर उन्हाळ्यात प्रत्येक तुकड्यातलं एकेक ढेकूळ असं पेल्यात टाकून बघ. पैसा लागत नाही.

मग उपाय? पहिला उपाय पाणी कमी देणं, आणि तो कुणालाच आवडत नाही. पाळी आली म्हणून पाणी द्यायचं नसतं. सरीतली वीतभर खालची माती मुठीत दाब. गोळा होऊन हाताला चिकटली तर पाण्याला अजून अवकाश आहे. गोळा होऊन टाकल्यावर फुटला तर वाफसा आहे. गोळाच होईना तर पाणी दे. ठिबक घेतलंस तर उत्तम, पण ठिबकवालेही रात्रभर वाल्व्ह उघडा ठेवून झोपतात, तेव्हा नुसत्या नळ्या अंथरून काही साधत नाही.

दुसरा उपाय निचरा. रानाच्या खालच्या अंगाचा जुना चर तुझ्या आज्याच्या वेळचा आहे. तो बुजवून दोन सऱ्या वाढवायचा मोह तुला होईल. बुजवू नकोस, उलट दर उन्हाळ्यात उपसून घे. रान फारच गेलं असेल तर जमिनीखालून छिद्रांचे पाइप टाकायचे, तीनचार फूट खोल, त्यावर माती शिरू नये म्हणून जाळीचं वेष्टण. शिरोळच्या दत्त कारखान्यानं पुढाकार घेऊन अशा पाइपांनी पड पडलेली रानं पुन्हा पिकाखाली आणली, ती एकदा जाऊन बघून ये. तिथं बघण्यासारखे पाइप नाहीत, ते तर जमिनीत पुरलेत. बघायचं ते हे की शेकडो शेतकऱ्यांना एका उताराला कसं आणलं. कारण पाइप तुझ्या रानात टाकशील, पण त्याचं पाणी शेजाऱ्याच्या बांधाखालनं ओढ्याला न्यायचंय. भावकीत बोलणं बंद असेल तर निचराही बंद. आणि हेही लक्षात असू दे, की ते खारं पाणी ओढ्यातून नदीला जातं आणि खालच्या गावाच्या मोटारीतून कुणाच्या तरी रानात चढतं. म्हणून पहिला उपाय तो पहिला.

जिप्समचं नाव सगळे घेतात. चोपण जमिनीत जिप्सम चालतं, कारण त्यातलं कॅल्शियम सोडियमची जागा घेतं. पण हाकललेलं सोडियम पाण्याबरोबर बाहेर जायला पाहिजे ना? निचरा नसताना जिप्समची गाडी ओतली तर आणखी एक मीठ आत आणलं, एवढंच. आधी तपासणी, मग चर, मग जिप्सम, आणि मग धैंचा. धैंचा खाऱ्या रानातही तग धरतो. फुलावर यायच्या आत, दीडेक महिन्याचा झाला की गाडून टाक.

आता खत. युरिया स्वस्त आहे म्हणून जास्त पडतो, दुसरं काही कारण नाही. सुरू उसाला हेक्टरी 250 किलो नत्राची विद्यापीठाची शिफारस, म्हणजे एकरी 100 किलो. 45 किलोच्या पोत्यात नत्र असतं साधारण 20 किलो 700 ग्रॅम. सगळं नत्र युरियातूनच द्यायचं ठरवलं तरी पाच पोती पुरून उरतात. त्यात डीएपीच्या पोत्यात 9 किलो नत्र असतं, 10:26:26 च्या पोत्यात 5 किलो. ते कुणी धरतच नाही. बांधापलीकडच्यानं एक पोतं जास्त टाकलं की आपल्याला झोप लागत नाही, ऊस काळाभोर दिसला पाहिजे म्हणून आपणही टाकतो. काळाभोर ऊस लोळतो, त्याला कीड जास्त लागते, आणि न लागलेलं नत्र नायट्रेट होऊन विहिरीत उतरतं. पिण्याच्या पाण्यात नायट्रेटची मर्यादा लिटरला 45 मिलिग्रॅम आहे. आपल्या वस्तीवर प्यायला तीच विहीर आहे. तिचं पाणी एकदा प्रयोगशाळेत देऊन बघ.

फोकून दिलेल्या युरियाचा बराच भाग आपल्या चुनखडीच्या रानात वायू होऊन उडतो. म्हणून पहारीनं दे. बुंध्यापासून अर्धा फूट अंतरावर, अर्धा फूट खोल भोक पाडायचं, खत टाकायचं, पायानं दाबायचं. मजूर कुरकुरतील, एक दिवस जास्त लागेल. पोती मात्र कमी लागतील.

पाचट जाळायचं नाही. यावर मी वाद घालत नाही. एकरी तीन-चार टन पाचट निघतं. त्यातला सेंद्रिय कर्ब आणि नत्र काडीच्या एका ठिणगीनं धूर करायचा आणि मग शेणखताची ट्रॉली विकत आणायची, हे मला आजपर्यंत कळलेलं नाही. तोडकरी लवकर उरकावं म्हणून फड पेटवू म्हणतील. जळीत उसाला कारखाना कपात लावतो हे त्यांना माहीत असतं, भरायची असते तुला. तोड झाली की बुडखे जमिनीसरशी छाटून घे, पाचट सरीत दाब. टनाला 8 किलो युरिया, 10 किलो सुपर फॉस्फेट आणि 1 किलो पाचट कुजवायचं कल्चर, आणि वरून हलकं पाणी. सुरुवातीला रान घाण दिसेल. उंदीर होतील, कुणीतरी विडी टाकेल अशी भीती घालणारेही येतील. कडेच्या दोन सऱ्या ओल्या ठेव, म्हणजे शेजारची आग आत येणार नाही. पाचटाखालची ओल टिकते, म्हणून पाण्याच्या एकदोन पाळ्याही वाचतात, आणि पाळी वाचली की मीठही वाचलं.

औषधांचं थोडक्यात सांगतो, कारण इथं दुकानदार तुझ्यापेक्षा हुशार असतो. डब्यावरचा त्रिकोण बघायची सवय लाव. लाल म्हणजे सगळ्यात जहाल, मग पिवळा, मग निळा, मग हिरवा. निळ्या-हिरव्यात काम होत असेल तर लाल घेऊ नकोस. हुमणीसाठी फोरेटचे दाणे आपण वर्षानुवर्षं मुठीनं पेरले. त्यावर 2020 च्या अखेरीस देशभर बंदी आली. कुणाच्या खोपीत जुनं पोतं शिल्लक असेल आणि तो 'घे रे' म्हणाला तर घेऊ नकोस. हुमणीचा भुंगा वळवाच्या पहिल्या पावसानंतर संध्याकाळी जमिनीतनं निघतो आणि कडुनिंबावर, बाभळीवर गोळा होतो. दिवस मावळल्यावर झाडाखाली कापड अंथरून फांद्या हलवायच्या, पडलेले भुंगे रॉकेलच्या पाण्यात टाकायचे. गावातल्या पोरांनी आठवडाभर एकदम केलं तर उपयोग, तू एकट्यानं केलंस तर भुंगे बांध ओळखत नाहीत. राहिलेल्यांना मेटारायझियमची बुरशी शेणखतातून दे.

तणनाशकाचं एक पथ्य आहे. उसात ॲट्राझीन मारलंस तर त्याचा अंश मातीत महिनोन्महिने राहतो. त्यात सोयाबीन किंवा भाजीचं आंतरपीक घेशील आणि ते पिवळं पडून बसलं, तर बियाणेवाल्याशी भांडायला जाऊ नकोस.

पंप धुतलेलं पाणी ओढ्यात नाही, विहिरीच्या थारोळ्यावर नाही. ज्या पिकावर मारलंय त्याच्यावरच मारून संपव. बाटली रिकामी झाली की चौथाई पाणी घालून हलव आणि पंपात ओत, असं तीनदा, मग बुडाला भोक पाड. भोक नाही पाडलं तर ती बाटली कुणाच्या तरी घरात तेलाला वापरली जाते, हे मी डोळ्यांनी बघितलंय. जाळायची नाही, पुरायची नाही. दुकानात परत घ्यायची सोय आहे का ते औषध घेतानाच विचार.

मल्चिंगचा कागद दिसायला भारी, पण 25-30 मायक्रॉनचा कागद उन्हानं कडक झाला की उचलताना हातात चिंध्या येतात. पीक संपल्यावर लगेच, रोटर घालायच्या आधी, ओल असताना गुंडाळून काढ. एकदा रोटर फिरला की त्याचे नखाएवढे तुकडे होतात, आणि ते वेचणारा अजून जन्मायचाय. जुन्या ठिबकच्या नळ्या भंगारवाला घेतो. बांधावर त्यांची वेटोळी कुजत ठेवू नकोस, त्या कुजत नाहीतच.

हे झालं रानातलं. घरातून रानात जातं ते कुणी बघत नाही. तुझ्या चुलतीशी माझी एकाच गोष्टीवरून कायम कुरबूर: उकिरडा. शेण-काडीकचऱ्याबरोबर त्यात गोळ्यांच्या रिकाम्या पट्ट्या, शाम्पूच्या पुड्या, फुटके बल्ब, रिमोटचे सेल, दाढीची पाती, पोराची डायपर, सगळं पडतं, आणि अक्षय तृतीयेला तेच 'शेणखत' म्हणून ट्रॉलीतून रानात जातं. शेणखत पसरताना गड्याच्या पायात पातं घुसलं तेव्हा ती ओशाळली, पण दुसऱ्या दिवशी परत तेच. आता सूनबाईंना सांग, उकिरड्याशेजारी दोन पोती टांगायची, एकात प्लास्टिक, दुसऱ्यात सेल, बल्ब आणि काच. सेलमधलं आणि इन्व्हर्टरच्या बॅटरीतलं शिसं, कॅडमियम, पारा हे सडत नाही, उडत नाही, मातीतून भाजीत येतं. बॅटरी दुकानात परत दे, नवी घेताना जुनीचे पैसे मिळतात. ट्रॅक्टरचं जळकं ऑईल बांधावर तण मारायला ओतायची एक खोड गावात आहे. तण मरतं खरं, त्या जागी पुढची कितीतरी वर्षं दुसरं काही उगवत नाही. ते डब्यात साठव, गॅरेजवाला घेतो.

शेवटी, जे फुकट दारात येतं त्याला घाबर. आसवनीच्या मळीच्या पाण्याचा टँकर येईल. त्यात पालाश असतं हे ते सांगतील, त्यात क्षार किती आणि ते पाणी कुजताना मातीतला प्राणवायू किती ओढतं, हे सांगणार नाहीत. शौचालयाच्या टाक्या उपसणारा टँकर रात्री पडीक रान शोधत फिरतो. शहरातल्या कचऱ्याचं खत येईल, काचेच्या चुऱ्यासकट. तलावाचा गाळ चांगला, पण तलावात वरून कुठल्या गावाचं आणि कुठल्या कारखान्याचं पाणी उतरतं ते विचारल्याशिवाय एक खेप घेऊ नकोस. आधी मूठभर तपासायला दे. आणि उलट्या वाटेचा माणूसही येईल, वीटभट्टीवाला, वरची दोन फूट माती रोख पैशानं मागायला. त्याला चहा पाज आणि परत पाठव.

राहिली माती तपासणी. ऊस तुटल्यावर आणि खत टाकायच्या आधी नमुना काढ. बांध, पाट, झाडाची सावली, खताच्या ढिगाची जागा, जनावरं बसायची जागा सोडून नागमोडी चालत आठदहा ठिकाणी इंग्रजी व्ही सारखा खड्डा घ्यायचा, वीतभर खोल, आणि त्याच्या कडेची माती वरपासून खालपर्यंत खुरप्यानं तासून घमेल्यात घ्यायची. खारवट ठिगळाचा नमुना चांगल्या रानात मिसळू नकोस. वेगळा काढ, नाहीतर दोन्हींचा अहवाल खोटा येईल. सगळी माती सावलीत वाळव, ढेकळं फोड, ढिगाचे चार भाग करून समोरासमोरचे दोन काढून टाक, अर्धा किलो उरेपर्यंत हेच कर. खताचं पोतं अंथरू नकोस, त्यातल्या दाण्यांनी आकडे बिघडतात. अहवाल आला की आधी तीन ओळी वाच. सामू साडेसहा ते साडेसातच्या मध्ये बरा, साडेआठच्या वर गेला तर चोपणाची शंका घे. क्षारता 1 च्या खाली हवी. सेंद्रिय कर्ब अर्ध्या टक्क्याच्या खाली असेल तर पाचटाचा परिच्छेद पुन्हा वाच. माझ्या ट्रंकेत मागचे अहवाल आहेत, त्यांच्या शेजारी नवा ठेवलास की रान कुठल्या दिशेनं चाललंय ते दिसेल. नमुन्याला कापडी पिशवी वापर, आणि आतल्या चिठ्ठीवर गट नंबर, तारीख, मागचं पीक हे पेन्सिलीनं लिही. पेनाची शाई मातीच्या ओलीनं पसरते.